जुना पोल वापरण्यापूर्वी

पोल व्हॉल्ट किंवा बांबू उडी या मैदानी क्रीडाप्रकारात खेळाडूच्या धावेतील वेगाचे उंचीत रूपांतर करण्याचे काम पोकळ, लवचीक दांड्यावर सोपवलेले असते, आणि हा दांडा, म्हणजे पोल, कितीही जुना झाला तरी प्रत्येक उडीत त्याच्याकडून नव्याइतकीच कामगिरी अपेक्षित असते. भाला वाकडा असला तर फार तर एक फेक वाया जाते. पोल ऐन उडीत मोडला तर मात्र खेळाडू हवेत निराधार होतो आणि तो गादीवर पडेल की कठीण जमिनीवर, हे त्याच्या हाती राहत नाही. असे असूनही जुने पोल वापरणे हा या खेळात नाइलाज नसून रिवाजच आहे, कारण एका खेळाडूचे एका पोलवर भागत नाही. त्याचे वजन, वेग आणि पकडीची उंची वाढत जाते तसतसा त्याला अधिक लांब आणि अधिक ताठ पोल लागतो, मागे पडलेला पोल धाकट्या खेळाडूकडे जातो, आणि जिथे चांगले पोल बहुतांशी परदेशातून मागवावे लागतात त्या भारतासारख्या देशात असा पोल वर्षानुवर्षे एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतो. सिवा सुब्रमण्यम याने २०२२ मध्ये ५.३१ मीटरचा आणि देव मीना याने २०२५ मध्ये ५.३२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला तेव्हा बातम्या एका सेंटीमीटरच्या आल्या; पण त्या उंचीपर्यंत पोहोचायला प्रत्येक खेळाडूला पोलांची एक अख्खी मालिका चढून जावी लागते, आणि त्या मालिकेतल्या खालच्या पायऱ्या बहुधा कोणीतरी आधी वापरलेल्याच असतात.

पोलची निगा हा प्रश्न फायबरग्लासबरोबर आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात ॲश किंवा हिकरी या झाडांच्या कठीण लाकडाचे जड पोल वापरात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची जागा हलक्या बांबूने घेतली आणि पुढची चार दशके बांबूचेच राज्य राहिले. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम याने १९४२ मध्ये बांबूच्या पोलवर ४.७७ मीटरची उडी मारली, आणि तो विक्रम थेट १९५७ पर्यंत टिकला. बांबू पेरांच्या मधल्या भागात उभा चिरतो, म्हणून त्यावर ठरावीक अंतराने पट्ट्या घट्ट गुंडाळण्याची पद्धत होती. फार वाळला तर तो ठिसूळ होई, ओल लागली तर कुजे. त्यानंतर पोलाद आणि ॲल्युमिनियमचे पोल आले, जे चिरत नसत पण फारसे वाकतही नसत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये डॉन ब्रॅगने सुवर्णपदक मिळवले ते ॲल्युमिनियमच्या पोलवर. लगेच पुढच्या वर्षी जॉर्ज डेव्हिसने फायबरग्लासच्या पोलवर ४.८३ मीटरचा विश्वविक्रम केला आणि दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, ब्रायन स्टर्नबर्ग पाच मीटरपर्यंत जाऊन पोहोचला. आज बाजारात, क्लबांत आणि शाळांच्या कोठारांत जो ‘जुना पोल’ आढळतो तो जवळजवळ नेहमी फायबरग्लासचा असतो, त्यामुळे पुढील विवेचन त्याच्याविषयी आहे. कार्बन तंतू मिसळलेल्या पोललाही त्यातले बहुतेक सर्व लागू पडते.

फायबरग्लास म्हणजे काचेचे अतिशय बारीक तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारी राळ यांचा संयुक्त पदार्थ होय. पोल तयार करताना गुळगुळीत धातूच्या दंडगोलाभोवती राळेत भिजवलेले काचतंतूंचे कापड थरावर थर गुंडाळतात, उष्णता देऊन ती राळ पक्की करतात आणि आतला दंडगोल काढून घेतात. या थरांमध्ये एक तुकडा शिडाच्या आकाराचा, टोकांकडे निमुळता होत जाणारा असतो. त्यामुळे पोलची भिंत मध्यभागी जाड आणि टोकांना पातळ राहते व पोल एका ठिकाणी मोडल्यासारखा न वाकता कमानीसारखा सलग वाकतो. ताण पेलण्याचे काम तंतू करतात, राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते आणि ताण एका तंतूकडून शेजारच्याकडे पोहोचवते. ही विभागणी ध्यानात ठेवली की निगेचे सगळे नियम आपोआप उलगडतात, कारण त्यांतला प्रत्येक नियम तंतू तुटू नयेत किंवा राळ खराब होऊ नये यासाठीच आहे.

पोलवर पडणारा भार किती मोठा असतो याची कल्पना साध्या गणिताने येते. सेकंदाला दहा मीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूची सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलता आली तर त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ५.१ मीटरने वर जाईल. या ऊर्जेचा मोठा भाग पोल क्षणभर स्वतःत साठवतो आणि परत करतो. त्या क्षणी कमानीच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ओढले जातात आणि आतल्या बाजूचे दाबले जातात. अशा वेळी बाहेरून क्षुल्लक दिसणाऱ्या आडव्या चऱ्याशी ताण एकवटतो, काही तंतू तुटतात, त्यांचा भार शेजाऱ्यांवर जातो आणि पुढच्या एखाद्या उडीत पोल तिथेच फुटतो. पोल वापरून वापरून ‘मऊ’ पडतो अशी समजूत खेळाडूंमध्ये सर्वत्र ऐकू येते. परंतु ज्याला इजा झालेली नाही अशा पोलचा ताठपणा सहसा फारसा बदलत नाही, आणि मोडलेल्या पोलचा शोध घेतला तर मूळ कारण बहुतेक वेळा वयात नव्हे तर कधीतरी बसलेल्या मारात सापडते. खिळ्यांच्या बुटाचा पाय पडणे, उडी चुकल्यावर पोल बाजूच्या लोखंडी खांबावर किंवा बॉक्सच्या कडेवर आदळणे, काँक्रीटवर घरंगळणे ही त्या माराची नेहमीची रूपे आहेत. बॉक्स म्हणजे धावमार्गाच्या शेवटी जमिनीत बसवलेली, उतरत्या तळाची ती खाच, जिच्यात पोलचे टोक रोवले जाते.

साफसफाईचा खरा हेतू इथे स्पष्ट होतो. पोलला चकाकी आणल्याने उडी उंच जात नाही. मात्र वर्षानुवर्षांची टेप, खडूची पूड, घाम, धूळ आणि पकडीसाठी वापरलेली चिकट राळ यांच्या थराखाली काय दडले आहे हे तो थर काढल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळून घेण्यासाठीच पोल धुवायचा असतो.

कामाचा आरंभ पकडीवरच्या जुन्या टेपपासून होतो, आणि सर्वांत मोठे नुकसानही याच टप्प्यावर केले जाते. टेपचे थर जाड आणि कडक झालेले पाहून बहुतेकांचा हात ब्लेडकडे किंवा कटरकडे जातो. पोलवर उभी रेघ मारून टेप सालीसारखी एकदम सोलून काढता येते, हे खरे. पण ब्लेडचे पाते टेपपाशी थांबत नाही, ते खालच्या थरातही उतरते, आणि खेळाडूचे सगळे वजन जिथून लोंबकळणार त्या पकडीच्या जागीच पोलला खाच पडते. म्हणून टेपचे शेवटचे टोक नखाने किंवा लाकडाच्या बोथट चिपेने उचलून, ती ज्या दिशेने गुंडाळली असेल त्याच्या उलट दिशेने वेढा वेढा उलगडत जाणे हाच योग्य मार्ग आहे, मग त्यात तासभर गेला तरी हरकत नाही. टेप तुकड्या तुकड्यांनी निघत असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची सौम्य ऊब दिली असता गोंद सैल होतो. रंग सोलण्यासाठी वापरतात त्या तीव्र उष्णतेच्या यंत्राला मात्र पोलजवळ आणू नये, कारण राळ ठरावीक तापमानापलीकडे नरम पडते आणि पुन्हा थंड झाल्यावर ती पूर्वीसारखीच असेल असे धरून चालता येत नाही.

टेप निघाल्यावर मागे गोंदाचा करडा, चिकट लेप उरतो. त्यावर थोडे खोबरेल किंवा दुसरे कोणतेही खाद्यतेल चोळून पंधरा-वीस मिनिटे मुरू दिले की तो बोटाने चोळल्यावर वळ्या होऊन सुटतो; जे उरेल ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या स्पिरिटसारख्या द्रवात, भिजवलेल्या कापडाने पुसता येते. तेल वापरले असल्यास ती जागा साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुणे अत्यावश्यक आहे, कारण पकडीवर राहिलेला तेलाचा अंश हात निसटण्याचे निमित्त होऊ शकतो. थिनर, पेंट रिमूव्हर, ॲसिटोन अशा तीव्र द्रवांचा मोह टाळावा. त्यांनी रंग व लेबल जाते, आणि काही रसायने राळेवरही परिणाम करतात. तारेची घासणी आणि सँडपेपर यांना तर या कामात अजिबात थारा नाही. सँडपेपरने खरखरीत जागा गुळगुळीत होते याचा अर्थ तिथले तुटके तंतू कापले गेले आणि त्यांच्याबरोबर काही साबूतही गेले, एवढाच असतो. बाकीचा सगळा पोल कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ कापड यांनी स्वच्छ होतो. पाणी नळीच्या आत शिरू न देणे इष्ट. शिरलेच तर दोन्ही टोकांची बुचे काढून पोल तिरपा ठेवावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा.

लेबल आणि त्याच्या आसपासची अक्षरे जपून पुसावीत, कारण पोलची ओळख तीच आहे. त्यावर सामान्यतः लांबी, वजनमर्यादा, अनुक्रमांक आणि फ्लेक्स क्रमांक दिलेला असतो. वजनमर्यादा अनेकदा पौंडांत असते. १३ फूट आणि १५० पौंड असे लिहिलेला पोल सुमारे ३.९६ मीटर लांब असतो आणि सुमारे ६८ किलोपर्यंतच्या खेळाडूसाठी, वरच्या टोकाजवळच्या शिफारस केलेल्या पकडीवर, बनवलेला असतो. फ्लेक्स क्रमांक म्हणजे पोल दोन टोकांजवळ आडवा टेकवून मध्यभागी ५० पौंडांचे, म्हणजे सुमारे २२.७ किलोचे, वजन टांगले असता तो किती सेंटीमीटर खाली झुकतो त्याचे माप. त्यामुळे क्रमांक जितका लहान तितका पोल ताठ, हे नव्या प्रशिक्षकाला उलटे वाटू शकते. टेकूंमधले अंतर पोलच्या लांबीनुसार बदलत असल्याने वेगवेगळ्या लांबीच्या पोलांचे क्रमांक एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत खेळाडूचे वजन पोलच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यास त्याला तो पोल वापरू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी अट नाही आणि तिथला खेळाडू आपल्या वजनापेक्षा बऱ्याच जास्त मर्यादेचा पोल आपण होऊनच निवडतो. शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर मात्र अमेरिकी नियम आपल्याकडेही शिस्त म्हणून पाळावा असाच आहे.

पोल कोरडा झाला की तपासणी. ती उन्हात, पोल आडवा ठेवून आणि हळूहळू स्वतःभोवती फिरवत करावी, म्हणजे पृष्ठभागावरून सरकणाऱ्या प्रकाशात दोष उठून दिसतात. बोटे उघडी ठेवून पोलवरून फिरवण्याची सवय अनेकांना असते. पण काचेची कुसळे इतकी बारीक असतात की ती दिसत नाहीत आणि दोन दिवस खुपत राहतात, म्हणून हातमोजे घालून कापसाचा बोळा किंवा पातळ नायलॉनचे कापड पोलभर हलकेच ओढावे. जिथे ते अडकेल किंवा कापसाचा तंतू मागे राहील तिथे पृष्ठभागाचे तंतू तुटलेले आहेत असे समजावे व त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. उभे, नखाला न लागणारे ओरखडे बहुधा वरच्या लेपापुरते असतात. आडवा चरा, नख अडकेल इतकी खाच, खिळ्याचे टोक घुसल्यासारखा ठिपका किंवा किंचित दबलेला पोचा यांकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. त्याहूनही गंभीर खूण म्हणजे पांढुरका डाग. काचतंतू राळेपासून सुटले की मधल्या पोकळीत प्रकाश विखुरतो आणि एरवी काहीसा पारदर्शक दिसणारा भाग दुधी दिसू लागतो. असा डाग पुसून जात नाही, कारण तो घाण नसून पोलच्या भिंतीतली फट असते. संशय आल्यास त्या जागेवर आणि तिच्या आजूबाजूला नाण्याच्या कडेने हलके ठोकून पाहावे. निरोगी भाग सर्वत्र सारखा, खणखणीत वाजतो. थर सुटलेल्या जागी आवाज बसका, मंद येतो. संयुक्त पदार्थांच्या इतर वस्तू तपासतानाही ही युक्ती वापरतात, आणि तिला खर्च काहीच नाही. गडद रंगाच्या पोलवर डाग दिसत नाहीत, तिथे तर कानावरच भरवसा ठेवावा लागतो.

पोलच्या खालच्या टोकाला रबराचे बूच असते आणि प्रत्येक उडीत बॉक्सच्या मागील भिंतीवर आदळण्याचा मार तेच खाते. ते झिजून पातळ झाले किंवा एका बाजूला फाटले की धक्का थेट नळीच्या कडेवर बसतो आणि तिथून उभी चीर वर चढू लागते. बूच बदलणे हे जुन्या पोलवर करता येण्यासारख्या सर्व कामांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे, तरीही ते सर्वांत जास्त टाळले जाते. नवे बूच नळीच्या व्यासाला नेमके बसणारे असावे. सैल बूच टेपने फुगवून बसवू नये आणि घट्ट बूच हातोडीने ठोकू नये. जुने काढल्यावर नळीची कड आतून-बाहेरून पाहून घ्यावी, कारण एरवी ती कधीच दिसत नाही. खालच्या काही सेंटीमीटरवर बाहेरून टेपचे दोन-तीन वेढे दिले तर बॉक्सच्या बाजूंना घासून होणारी झीज कमी होते, आणि नियमांची त्याला परवानगीही आहे.

पकडीवर नवी टेप लावतानाही नियमाचे भान ठेवावे लागते. पोल कोणत्याही पदार्थाचा, लांबीचा व जाडीचा असू शकतो, पण त्याचा मूळ पृष्ठभाग गुळगुळीत असला पाहिजे, आणि पकडीवरची टेप सर्वत्र सारख्या जाडीची असली पाहिजे. हाताला आधार मिळावा म्हणून टेपचे कडे तयार करणे चालत नाही. टेप फार ओढून न गुंडाळता, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत, सुरकुती न पडू देता लावावी. लेबल आणि वजनमर्यादेचा आकडा टेपखाली झाकू नये. पेन्सिलीने खूण केलेला चरा टेपखाली लपवणे हा तर निव्वळ आत्मघात आहे. ज्याने लपवला त्याला तो माहीत असतो, पण पुढच्या वर्षी तोच पोल उचलणाऱ्या मुलाला नसतो.

साठवणुकीच्या बाबतीत आपल्याकडच्या मैदानांची स्थिती फारशी अभिमानास्पद नाही. सरावानंतर पोल कुंपणाला टेकवून उन्हात उभे सोडणे किंवा कोठाराच्या फरशीवर हर्डल्स व गोळ्यांच्या शेजारी लोटून देणे हे दृश्य सर्रास दिसते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पृष्ठभागावरची राळ हळूहळू विघटित होते, चमक जाते, पांढरी भुकटी हाताला लागू लागते आणि अखेर तंतू उघडे पडतात. पोल आडवा, तीन-चार ठिकाणी फोम किंवा जुन्या गालिच्याचे तुकडे लावलेल्या आधारांवर, सावलीत ठेवावा. दोनच टोकांवर महिनोन्‌महिने ठेवला तर त्याला झोळ येण्याचा संभव असतो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात कापडी पिशवीत बांधून ठेवलेल्या पोलच्या टेपवर बुरशी धरते आणि गोंद पाझरतो, म्हणून त्या काळात पिशव्या उघड्या ठेवून पोल मधूनमधून पुसणे चांगले. मैदानावर असताना पोल हाताळायचा नसेल तेव्हा तो गादीवर किंवा गवतावर, लोकांच्या वाटेबाहेर ठेवावा. प्रवासाचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण चार-पाच मीटरची वस्तू रेल्वेच्या डब्यात वा बसमध्ये मावत नाही आणि टपावर बांधावी लागते. तिथे पोल एकत्र जुडीत, जाड पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या रुंद पाइपमध्ये घालून, किमान तीन जागी रुंद पट्ट्यांनी बांधावेत; सुतळी किंवा तार थेट पोलवर आवळली तर दोनशे किलोमीटरच्या हादऱ्यांत ती पोल कापत जाते.

एवढे सगळे करूनही पोल मोडत नाही असे नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, पात्रता फेरीत, क्यूबाच्या लाझारो बोर्हेसचा पोल ऐन उडीत फुटून त्याचे तुकडे उडाले, आणि तो आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेचा रौप्यपदक विजेता होता. नियमांनीही ही शक्यता गृहीत धरली आहे: प्रयत्नात पोल मोडला तर तो प्रयत्न अयशस्वी न धरता खेळाडूला पुन्हा संधी दिली जाते.

दुरुस्तीचा प्रश्न इथे उरतो, आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. चिरलेल्या पोलवर राळ आणि कापड लावून केलेला जोड बाहेरून भक्कम दिसतो, पण त्या जागी पोल शेजारच्या भागापेक्षा ताठ होतो आणि वाकताना ताण जोडाच्या कडेला एकवटतो. शिवाय तुटलेले मूळ तंतू त्याने सांधले जात नाहीत. टोक कापून पोल आखूड करणे हाही उपाय नव्हे, कारण मग लेबलवरचा एकही आकडा त्या पोलला लागू राहत नाही. पांढरा डाग, नख अडकणारा आडवा चरा किंवा बसका आवाज यांपैकी एक जरी आढळले तरी पोल बाद समजावा, मग तो कितीही महागाचा असो. बाद केलेला पोल कोपऱ्यात उभा करून ठेवला तर कोणीतरी तो पुन्हा उचलतोच, म्हणून त्याचे करवतीने मीटरभराचे तुकडे करावेत. कापताना उडणारी काचेची धूळ त्वचेला आणि श्वासनलिकेला त्रासदायक असल्याने मास्क, चष्मा आणि हातमोजे वापरावेत व कापायची जागा ओली ठेवावी.

वापरलेला पोल विकत घेणाऱ्या शाळांनी आणि पालकांनी व्यवहारापूर्वी दोन गोष्टींचा आग्रह धरावा: पकडीची व टोकाची टेप समोर काढून दाखवावी, आणि लेबलवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. मळकट, जुन्या टेपचा पोल धुऊन-तपासून अनेक वर्षे चालू शकतो. नुकताच रंगवलेला किंवा नवी कोरी टेप गुंडाळलेला, लेबल नसलेला पोल मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.